मोजायची राहिलेली तार

ज्या कपाटात मी राहत होतो ते कपाट आता नाही. ते ज्या शाळेत होतं ती शाळा नाही, आणि शाळा ज्या गावात होती ते गावही आता त्या जागी नाही. मी मात्र आहे. मित्रांनो, मी एक जुना अँमीटर आहे.

तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पुस्तकातल्या आकृतीत पाहिलं असेल. एक गोल, त्यात इंग्रजी 'ए' आणि दोन्ही बाजूंना एकेक रेघ. प्रत्यक्षात मी तळहातावर मावेल एवढा, काळ्या बेकेलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लास्टिकचा आहे. समोर काच आहे, काचेमागं पांढरी तबकडी आहे. तबकडीवर शून्यापासून एक अँपिअरपर्यंत बारीक रेषा आखलेल्या आहेत आणि त्यांच्यावरून केसासारखा एक काटा सरकतो. तारेतून किती वीज वाहते आहे ते मी सांगतो. दुसरं काही मला येत नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथल्या बायकांनी माझ्या पोटात तांब्याच्या तारेचं नाजूक वेटोळं बसवलं आणि दोन्ही बाजूंना लोहचुंबकाची टोकं ठेवली. मग भुसा भरलेल्या एका लाकडी पेटीत मला झोपवलं. त्याच पेटीत माझ्या शेजारी एक व्होल्टमीटर होता. आम्ही दिसायला जुळे, पण आमचं काम निराळं. मला विजेच्या वाटेतच उभं करतात, म्हणजे सगळी वीज माझ्या अंगातून जाते. त्याला बाजूला उभं करून त्याचे दोन हात तारेच्या दोन टोकांना लावतात. वीज किती वाहते ते मी सांगतो आणि ती किती जोरानं ढकलली जाते ते तो सांगतो. त्या जोराला विभवांतर म्हणतात. त्याच्या आकड्याला माझ्या आकड्यानं भागलं की तारेचा रोध कळतो, म्हणजे ती तार विजेला किती अडवते ते समजतं. आणि आम्हा दोघांचे आकडे गुणले की शक्ती कळते, म्हणजे ती तार दर सेकंदाला किती ऊर्जा खाते ते. आमच्यापैकी एक जरी नसला तरी ना भागाकार होतो, ना गुणाकार.

आम्हा दोघांना औसा तालुक्यात, तेरणेच्या काठावरच्या निंबाळवाडी नावाच्या गावात आणलं. गावातली घरं जाड दगडी भिंतींची आणि वर मातीचं माळवद असलेली होती. शाळा गावाच्या कडेला होती. विज्ञान शिकवायला सुदर्शन सर होते. ते मूळचे मुखेडचे, वयानं तरुण, अजून लग्न न झालेले. गावातच एक खोली घेऊन राहत. "आधी बघा, मग लिहा," असं ते मुलांना सांगत. त्यामुळे आमचं कपाट सहसा बंद नसे. आम्हाला जोडलं जाई, आमचे काटे हलत आणि मुलं श्वास रोखून बघत. ते दिवस मला फार आवडायचे.

दहावीच्या वर्गात पुनम नावाची मुलगी होती. शाळा सुटल्यावर ती मागं थांबायची. आकडा वाचण्याआधी ती नखानं माझ्या काचेवर हलकीच टिचकी मारायची. काटा कुठं अडकला असेल तर सुटावा म्हणून तसं करायचं असतं, हे सरांनीच तिला शिकवलं होतं. पण ती म्हणायची, "झोपला असंल तर उठू द्यावं."

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिला भाग घ्यायचा होता. एका जळक्या इस्त्रीतली चमकदार तार तिनं कुठून तरी मिळवली होती. ती तार घासून पुसून तिनं एका खडूवर वेढे देत नीट गुंडाळली होती. दोन वेढे एकमेकांना लागू नयेत म्हणून ती जीभ दाताखाली धरून ते सारखे करत बसायची.

"सर," तिनं एकदा विचारलं, "पुस्तकातल्या तारांचा रोध छापलेला असतोय. पर ह्या तारंचा कुणालाच ठाऊक न्हाई ना?"

"कुणालाच नाही."

"मंग मी मोजल्यावर पैल्यांदाच कळल?"

"हाव," सर हसून म्हणाले, "पहिल्यांदाच. आणि ते तुला कळेल."

तार मोजायची ठरली त्या दिवशी गणपती विसर्जन होतं. गावात सकाळपासून हलगी वाजत होती. पुनमनं तार जोडली, मला वाटेत उभं केलं, व्होल्टमीटरला बाजूला लावलं आणि विजेची वाट पुरी करणारी चावी बसवली. पण आमचे सेल संपत आलेले होते. माझा काटा जागचा जेमतेम हलला. एवढ्याशा हालचालीवरून आकडा वाचणं म्हणजे अंदाज बांधणं, आणि सरांना अंदाज चालत नसे.

"मी लातूरला जाऊन नवे सेल आणतो," सर म्हणाले. "उद्या मोजू."

"पर सर, मला आज दुपारच्या गाडीनं देवणीला जायचंय. मामाकडं."

"परवा जा. दोन दिवसांनी काय होतंय?"

पुनमनं तार सोडवली. मग तिनं तो खडू कंपासपेटीत ठेवला. "आईला इचारते," असं म्हणून ती धावत गेली. मी तिला पाहिलं ते तेवढंच.

दुपारी सर लातूरला गेले. तिथं मिरवणुकांमुळे रस्ते अडले होते. त्यांची परतीची गाडी चुकली आणि ते एका मित्राकडं मुक्कामाला राहिले. इकडं गावानं गणपती बोळवले आणि दमून भागून सगळी माणसं आपापल्या घरात झोपली. साल एकोणीसशे त्र्याण्णव होतं. पहाटे जमीन हलली.

मित्रांनो, तुम्हाला त्याचं वर्णन हवं असेल. पण मी कपाटात होतो. मला फक्त आवाज आठवतो. जमिनीखालून एखादी मोठी गाडी घरघरत यावी तसा तो आला. मग कपाट आडवं झालं, त्याच्यावर भिंत आली आणि अंधार झाला. व्होल्टमीटरची काच माझ्या कानाशी फुटली. मग पाऊस पडू लागला. दगडांच्या फटींतून पाणी ठिबकत होतं आणि दूर कुणीतरी एकामागून एक नावं घेऊन हाका मारत होतं. त्यातल्या कुठल्याच नावाला ओ येत नव्हती. बऱ्याच वेळानं त्या हाकाही थांबल्या. हाका थांबल्या तेव्हा मला जास्त भीती वाटली.

माझ्यावरचे दगड सुदर्शन सरांनीच बाजूला केले. त्यांची बोटं सोललेली होती. आधी ते गावात जाऊन आले होते. गाव म्हणजे दगडमातीचा ढीग झाला होता. पुनम आणि तिचे वडील घरात झोपले होते, ते दोघंही गेले. तिची आई, चतुराबाई, गोठ्यात होत्या म्हणून वाचल्या. एका बाभळीखाली त्या मांडीवर नुकतंच जन्मलेलं वासरू घेऊन बसल्या होत्या. सरांनी त्यांना लांबून पाहिलं आणि त्यांच्याकडं न जाता ते शाळेकडं वळले.

"मास्तर, माणसं सापडंनात अन् तुम्ही हे डबडं काढून राहिलात?" शेजारून जाणारा एक गावकरी म्हणाला.

सरांनी आणखी एक दगड बाजूला केला. व्होल्टमीटरचा चुरा झाला होता. त्यांनी मला शर्टानं पुसलं आणि पिशवीत ठेवलं. त्या पिशवीत नवे सेल होते, अजून कागदात गुंडाळलेले. ते सेल सरांनी कधीच वापरले नाहीत आणि टाकूनही दिले नाहीत. पुढं त्या सेलना पाणी सुटलं आणि पिशवीला पांढरी बुरशी यावी तसे डाग पडले.

सरकारनं गाव दुसऱ्या माळावर वसवलं. सारखी घरं, सरळ गल्ल्या. पत्र्याच्या शेडमध्ये शाळाही सुरू झाली. सर तिथं थोडे दिवस शिकवायला गेले. पण हजेरी घेताना त्यांचा आवाज मध्येच थांबायचा. शेवटी त्यांनी नोकरी सोडली आणि ते लातूरला आले.

तिथं गंजगोलाईजवळ मोहियोद्दीनभाईंचं दुकान होतं. ते रेडिओ आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. सरांनी मला त्यांच्यापुढं ठेवलं. मोहियोद्दीनभाईंनी माझी काच काढली, आतली माती ब्रशनं झाडली, वेटोळं तपासलं.

"मशीन जिंदा हाय, सर," ते म्हणाले. "पण काटा शून्यावर बसून नाही राहिला. जरासा पुढंच थांबतो. धक्क्यानं आतली स्प्रिंग ताणली. नवी टाकू का?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यातून काहीच वाहत नव्हतं, तरी माझा काटा शून्याच्या एक रेष पुढं उभा होता.

"असू द्या," सर म्हणाले.

"मग हिसाब करताना तेवढं वजा करत जा. नाहीतर सगळं चुकंल."

हे असं का झालं ते मला माहीत आहे. काहीही वाहत नसताना काहीतरी वाहतं आहे असं मला तेव्हापासून वाटत आलं आहे.

ते शिकवण्यांचे दिवस होते. लातूरच्या मुलांचे निकाल राज्यभर गाजू लागले होते. नांदेडहून, अहमदपूरहून, देवणीहून, पार कर्नाटकाच्या हद्दीवरून मुलं ट्रंका घेऊन येत होती. एकेका गल्लीत पाट्यांवर पाट्या लागल्या होत्या. सरांनी एका लांबलचक हॉलमध्ये क्लास सुरू केला. मुलं एवढी की माइक लावावा लागे. 'वीज शिकावी तर सुदर्शन सरांकडं,' असं मुलं म्हणत. सूत्र फळ्यावर येई, मागोमाग उदाहरणं येत, आणि पाठीमागच्या बाकापर्यंत शेकडो पेनं एकदम चालू लागत. बाहेर पाऊस पडतो आहे की काय, असं मला वाटायचं.

आणि मी? मी टेबलाच्या कोपऱ्यावर होतो. पंख्याच्या वाऱ्यानं पेपर उडू नयेत म्हणून सर मला त्यांच्यावर ठेवत. विजेचं मोजमाप शिकवणाऱ्या त्या हॉलमध्ये इतक्या वर्षांत मला एकदाही कुणी तार जोडली नाही. मुलांना मी एखादा जुना पेपरवेट वाटायचो.

पण सर मला विसरले नव्हते. रस्त्यावरून जड ट्रक गेला की खिडकीची तावदानं थरथरायची. सर बोलता बोलता टेबलाची कड घट्ट धरायचे आणि छताकडं बघायचे. मुलांना वाटायचं, सर विचार करत आहेत. वर्गात पुनम नावाची मुलगी आली तर सर तिला आडनावानं हाक मारायचे. कधी सूत्र लिहिता लिहिता ते थबकायचे आणि हातातल्या खडूकडं पाहत राहायचे. मग तो खडू खाली ठेवून दुसरा घ्यायचे.

आणखी एक गोष्ट सांगतो. ती खरी की खोटी ते मला विचारू नका. क्लास सुटून हॉल रिकामा झाला की कधी कधी माझ्या काचेवर टिचकी वाजायची. अगदी हलकी, नखाची. सर पेपर तपासत असायचे, ते मान वर करून माझ्याकडं बघायचे. हॉलमध्ये कुणीच नसायचं. पंख्याचा खटका असेल, नाहीतर तापलेल्या पत्र्याचा आवाज असेल. पण माझा काटा किंचित थरथरलेला असायचा. आम्ही दोघं बराच वेळ तसेच राहायचो, पुन्हा वाजते का ते ऐकत.

मग एका वर्षी चतुराबाई आल्या.

आमच्या समोरच मुलींची मेस होती. चतुराबाई तिथं भाकरी करायला लागल्या. आम्ही शिकवत होतो त्याच गल्लीत त्या आल्या हा योगायोग होता की त्या शोधत आल्या होत्या, हे मला माहीत नाही. त्या वाकल्या होत्या, केस पांढरे झाले होते. दुपारचं काम उरकलं की त्या आमच्या क्लासच्या पायरीवर येऊन बसायच्या. माइकवरून सरांचा आवाज बाहेर जायचा. "विभवांतर भागिले विद्युतधारा," असं सर म्हणायचे, आणि चतुराबाई गुडघ्यांना मिठी मारून ऐकायच्या.

सरांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचं वाक्य मध्येच तुटलं. त्या दिवसापासून ते मागच्या दारानं ये-जा करू लागले. चहाला समोर जाणं त्यांनी बंद केलं. इतक्या मोठ्या हॉलमध्ये न चाचरता बोलणारा माणूस भाकरी करणाऱ्या एका बाईला बघून लपू लागला.

हे उमैमाच्या लक्षात आलं. उमैमा अहमदपूरची, आमच्या क्लासमधली बारावीची मुलगी, त्याच मेसमध्ये जेवायची. चतुराबाईंना ती मावशी म्हणायची.

एका रविवारी दुपारी सर एकटेच पेपर तपासत होते. उमैमा दारात आली. तिच्या मागं चतुराबाई होत्या. सर उठून मागच्या दाराकडं निघाले, पण तेवढ्यात चतुराबाईंनी हाक मारली.

"सर, वळखलं का?"

सर थांबले. "चतुराबाई," ते म्हणाले.

"मला बघून पळून राहिलात तुम्ही. कळतंय मला. म्हणून म्हणलं, आपुनच जावं." त्या पहिल्या बाकावर टेकल्या. त्यांची नजर माझ्यावर पडली. "ह्योच का त्यो? काटा असलेला?"

"हो."

"मला येकच इचारायचंय, सर. माझी पोरगी काय मोजून राहिली होती?"

सर मागच्या दारापासून परत टेबलापाशी आले. चतुराबाई सांगू लागल्या, "रोज सांजंला भाकरी खाता खाता सांगायची, आई, मला तार मोजायचीय. मी हाव हाव म्हणायची. ध्यान चुलीकडं. म्हणलं फुरसतीनं इचारू. तार तर हातानं मोजतेत. दोन हात भरली, तीन हात भरली. त्याला शाळा कशाला पायजे? मंग म्हणलं, न्हाई, दुसरं कायतरी असंल. येवढी वर्सं झाली, मला तेच येक कळंना."

सर हळूच खुर्चीवर बसले. "मी तिला थांबवलं होतं," ते म्हणाले. "ती दुपारच्या गाडीनं देवणीला जाणार होती. मी म्हणालो, परवा जा."

"ठाव हाय."

सरांनी मान वर केली.

"घरी येऊन तिनंच सांगितलं. मीच म्हणले, ऱ्हा. शिकून राहिलीस तर ऱ्हा, मामा कुठं पळून जातोय." चतुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं नाही की आवाज चढवला नाही. त्या माझ्याकडंच बघत बोलत होत्या. "अन् पहाटं गाय व्याली. ठिपक्याठिपक्याचं वासरू, लई देखणं. म्हणलं पोरीला उठवावं, दाखवावं. दारापत्तुर गेले मी. नाचून दमून झोपली होती. तोंडावर केस आले होते. म्हणलं, झोपू द्यावं. सकाळी बघंल."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"माघारी फिरून गोठ्यात पाय ठिवला, अन् झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही थांब म्हणलात. मी झोप म्हणले. ह्याचं माप कुठं हाय, सर?"

उमैमा भिंतीला टेकून उभी होती. तिनं ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. तिनंच विचारलं, "सर, हे खरंच चालतं का?"

सरांनी मला उचललं. माझ्या खालचे पेपर पंख्यानं उडाले आणि हॉलभर पसरले. ते कुणीच गोळा केले नाहीत.

"चालत असेल," सर म्हणाले. "उमैमा, मोहियोद्दीनभाईंकडं जा. त्यांचं घर दुकानाच्या वरच आहे. माझं नाव सांग. म्हणावं, एक व्होल्टमीटर द्या, दोन नवे सेल द्या, चावी आणि जोडायच्या तारा द्या."

"अन् मोजायची तार?" चतुराबाईंनी विचारलं. "मेसची येक विजेची शेगडी जळलीय. तिची चालंल का?"

"चालेल."

सगळं सामान आलं. चतुराबाईंनी जळक्या शेगडीतली नागमोडी तार आणली होती. सरांनी तिचा एक तुकडा तोडला आणि लाकडी फळीवर दोन खिळ्यांमध्ये बांधला. मग उमैमाला म्हणाले, "तू जोड."

उमैमा हुशार होती. रोधाची कितीतरी उदाहरणं तिनं सोडवली होती. पण तारा हातात घेतल्यावर ती गोंधळली. व्होल्टमीटरसारखं मलाही तिनं बाजूलाच जोडायला घेतलं.

"थांब!" सर ओरडले. "तो वाटेत. बाजूला जोडलास तर सगळी वीज त्याच्यातूनच धावेल, जळून जाईल तो."

उमैमानं मला वाटेत उभं केलं. नव्या व्होल्टमीटरचे हात तारेच्या दोन टोकांना लावले. सरांनी चावी बसवली.

मित्रांनो, फार वेळ मांडी घालून बसल्यावर पायाला मुंग्या येतात, तुम्हाला माहीत असेल. तसं माझ्या साऱ्या अंगाला झालं. माझं वेटोळं फिरलं, काटा सरकला आणि थरथरत एका जागी उभा राहिला. मला विसर पडला होता की मला हे येतं.

"शून्य दशांश तीन अँपिअर," उमैमानं वाचलं. "व्होल्टमीटर दोन दशांश आठ. म्हणजे रोध नऊ दशांश तीन ओहम."

"चूक," सर म्हणाले. "चावी काढ आणि पुन्हा बघ."

तिनं चावी काढली. माझा काटा मागं आला, पण शून्यावर आला नाही.

"हा तर आधीच पुढं आहे, सर! शून्य दशांश शून्य दोनवर."

"मग वजा कर. त्याचं जुनं आहे ते. ते वजा केल्याशिवाय आजचं कळत नाही."

तिनं वजाबाकी केली. "शून्य दशांश दोन आठ. दोन दशांश आठ भागिले शून्य दशांश दोन आठ..." ती थांबली आणि तिचा चेहरा उजळला. "बरोबर दहा ओहम! आणि गुणाकार केला तर शक्ती जवळजवळ शून्य दशांश आठ वॅट. एवढी वीज ही तार खाते."

चतुराबाई पुढं वाकून बघत होत्या. "म्हंजी काय झालं?"

उमैमानं त्यांचा हात धरला. "मावशी, ही तार विजेला जाऊ देईना. अडवून राहिली. किती अडवते, ते आपण मोजलं. तार किती लांब ते नाही, ती अडवते किती, ते."

"हे मोजून राहिली होती व्हय पोरगी?"

"हो," सर म्हणाले. "तिची तार कुणीच मोजलेली नव्हती. तिला ती पहिल्यांदा मोजायची होती."

चतुराबाईंनी हळूहळू मान हलवली. एवढ्या वर्षांनी त्यांना कळलं होतं. त्या म्हणाल्या, "मंग तिच्या तारंचा किती आला असता? दहाच?"

"नाही. प्रत्येक तारेचा निराळा असतो."

"किती आला असता?"

"ते माहीत नाही," सर म्हणाले. "ते आता कधीच कळणार नाही, चतुराबाई."

सरांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ढिगाऱ्यापाशीही ते रडले नव्हते. चतुराबाई त्यांच्याकडं बघत बसून राहिल्या. रडू नका, असं त्यांनी म्हटलं नाही. मग त्यांनी विचारलं, "तार वीज खाती म्हणली ही. खाऊन काय करती तार?"

सरांनी डोळे पुसले आणि चावी पुन्हा बसवली. "थोडं थांबा. मग बोट लावून बघा. भिऊ नका, दोन छोटे सेल आहेत."

चतुराबाईंनी भाकऱ्या थापून थापून निबर झालेलं बोट पुढं केलं आणि त्या तारेवर ठेवलं.

"कोमट हाय," त्या म्हणाल्या. "अंगावाणी कोमट."

सरांनी चावी काढायला हात पुढं केला.

"ऱ्हाऊ द्या जरा."

सरांनी हात मागं घेतला. उमैमा खाली बसून पसरलेले पेपर एकेक करून उचलू लागली. चतुराबाई तारेवर बोट ठेवून तशाच बसल्या, आणि ती वीज माझ्या अंगातून जात राहिली.

मित्रांनो, आता माझं फार दिवसांचं आयुष्य उरलं नाही. म्हणून दोन गोष्टी मागतो. तुमच्या शाळेत माझ्यासारखी यंत्रं कुलपात असतील तर सरांना, बाईंना सांगून ती बाहेर काढा. तारा पुसून ठेवा, काम झालं की सेल काढून ठेवा. घरातल्या विजेच्या तारांना मात्र कधीही हात लावू नका, ती वीज जीव घेते. ही झाली पहिली गोष्ट, आणि ती सोपी आहे.

दुसरी अशी की, संध्याकाळी घरी गेलात की आज काय शिकलात ते घरच्या माणसांना सांगा. त्यांचं लक्ष चुलीकडं असलं तरी सांगा. त्यांना कळलं नाही तर पुन्हा सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगत असेल, तर तेव्हाच विचारा, "म्हणजे काय?"